फुटका तुकडा

मला धीर म्हणून नाही. दाराला कुलूप लावलं की मी ते ओढून बघतो, कोपऱ्यापर्यंत जातो आणि परत येऊन पुन्हा ओढतो. बायको म्हणते, एक दिवस कुलूपच हातात येईल.

माझ्या वडिलांनी, अप्पांनी, शिरोली एमआयडीसीतली आमची लोखंड ओतायची छोटी फौंड्री बंद करायची ठरवली, तेव्हा माझा जीव टांगणीला लागला तो तिथल्या जुन्या कॉम्प्युटरपायी. त्यांनी ओतलेल्या सगळ्या जॉबची ड्रॉइंग त्यात होती आणि तो संध्याकाळी भंगाराच्या टेम्पोतून जाणार होता. बंद का करताय, असं विचारलं की अप्पा एवढंच म्हणायचे, "झालं की आता. किती दिस करायचं?" हल्ली ते फार मोठ्यानं बोलायचे. कोल्हापुरात ते कुणाच्या लक्षात येत नाही.

ड्रॉइंग मी माझ्या डिस्कवर उतरवली. उतरवताना काही बिघडलं तर, या धास्तीनं एक छोटा प्रोग्रामही लिहिला. काळ्या पडद्यावर एक आज्ञा टाइप करायची, की तो प्रत्येक फाइलची एक लांबलचक खूण काढतो. तिला चेकसम म्हणतात. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी ती बदलते. मूळ आणि नक्कल यांच्या खुणा जुळल्या तर 'ठीक', नाहीतर 'बिघाड'.

दुपारी तो चालवला. ठीक, ठीक, ठीक. ओळी वर सरकत होत्या आणि माझी बेचैनी वाढत होती. इतकी जुनी, कुरकुरणारी डिस्क, आणि एकही बिघाड नाही?

"आता काय ऱ्हायलंय?" अप्पा दारातनं ओरडले. "टेम्पोवाला खोळंबलाय. ठीक म्हणतंय न्हवं?"

"सगळ्यालाच म्हणतंय, अप्पा. म्हणून तर भीती वाटतेय."

मी उठून आवारात चकरा मारू लागलो. गेटजवळ एक तडकलेलं कास्टिंग, ओतीव लोखंडाचा तुकडा, कायम पडलेलं असे. अप्पा मालावर हातोडी मारून आवाज ऐकायचे. चांगला तुकडा घंटेसारखा वाजतो, तडा गेलेला भद्द. पण पहिली हातोडी नेहमी त्या फुटक्यावर पडायची. आधी कान तपासायचा, मग माल, असं ते म्हणत. ते आठवलं तसा मी पळत आत गेलो, नकलेतली एक फाइल मुद्दाम बिघडवली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला.

ठीक.

कोड उघडून बघितला, तर नकलेच्या जागीही तो मूळ डिस्कच वाचत होता. चूक दुरुस्त केली, तेव्हा मी बिघडवलेल्या फाइलबरोबर आणखी काही खरोखरच बिघडलेल्या निघाल्या. त्या पुन्हा उतरवल्या, तपासल्या, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

मी उड्या मारतच बाहेर आलो. "अप्पा, तुमचा फुटका तुकडा कामाला आला! त्याच्यामुळं सगळं वाचलं."

ते हसले नाहीत. गेटपाशी गेले, हातोडी उचलून फुटक्यावर मारली. भद्द. मग शेजारच्या चांगल्या कास्टिंगवर मारली. तो आवाज माझ्या दातांपर्यंत घुमला.

"दोन्ही सारखंच ऐकू येतंय मला आता," अप्पा म्हणाले. "फुटका माल ठीक म्हणून धाडू व्हय?"