पाचपैकी दोन

काहीही विचारलं की सर म्हणायचे, "इचारून सांगतो."

शाळेची वेळ बदलायची का? इचारून सांगतो. पालकसभा कोणत्या वारी? इचारून सांगतो. एकदा मी सहज विचारलं, "सर, जेवण झालं का?" तर सवयीनं "इचारून..." म्हणाले आणि मग स्वतःच हसत सुटले.

आमची ओळख पडद्यावरची. मुख्याध्यापकांना शालेय नेतृत्वाची मूलतत्त्वं शिकवणारा एक ऑनलाइन अभ्यासवर्ग होता. पाच-पाच जणांचे गट. दर शनिवारी दुपारी मीटिंग, चर्चा, आणि सगळ्यांनी मिळून एक स्वाध्याय लिहायचा. मी बोरी अरबच्या बाजूचा. लॅपटॉप माझ्याकडे होता म्हणून गटप्रमुख झालो. यवतमाळच्या एक मॅडम होत्या. दोघे जण हजेरी लावून गायब होत. आणि घाटंजीच्या पलीकडे, एका तांड्यावरच्या दोन शिक्षकांच्या शाळेचे मुख्याध्यापक, ते हे सर. निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलेलं. खरं तर या वयात त्यांना कोणी शिकायला लावलं नसतं. स्वतःहून नाव दिलं होतं.

तांड्यावर नेटवर्क फक्त हापशीजवळ यायचं. सर खुर्ची घेऊन तिथेच बसत. मागे बाया पाणी भरत, हापशी खडखड करी, आणि मी इकडून त्यांचा आवाज बंद करून टाकी. सरांचे ओठ हलत राहायचे. आम्ही पुढच्या मुद्द्यावर गेलेलो असायचो.

एका शनिवारी आवाज बंद करायचा राहून गेला. प्रश्न होता, कापूस वेचणीच्या दिवसांत मुलींची हजेरी घटते, तुम्ही काय कराल? आम्ही लिहीत होतो : गृहभेटी, प्रबोधन, पालकांना सूचनापत्र. सरांची पाळी आली.

"इचारून सांगतो," म्हणाले, आणि खरंच मागे वळून त्यांनी हापशीवरच्या बायांना त्यांच्या बंजारा गोरबोलीत विचारलं. घागर भरणारी एक बाई काहीतरी फटकन बोलली. बाकीच्या हसल्या.

"ते म्हणून राह्यली, का आम्ही वेचाले जातो तं लहान्याले कोण पाहीन? म्हणून पोरगी घरी राह्यते. शाळा लहान्याले घेत असन, तं पोरगी येईन."

"सर, लहान मुलांना शाळेत बसवणं नियमात नाही," मी म्हटलं. "स्वाध्यायात हे घेता येणार नाही."

"बरं," सर म्हणाले.

स्वाध्यायातून मी ते वगळलं. सरांनी वगळलं नाही. महिन्याभरानं गटाच्या व्हॉट्सॲपवर त्यांनी एक फोटो टाकला. व्हरांड्यात गोधडी अंथरलेली, तीवर चार लहानगी आडवीतिडवी झोपलेली, आणि उघड्या दारातून दिसणाऱ्या वर्गात चौथीच्या झाडून साऱ्या पोरी. मी त्याखाली एक अंगठा टाकला आणि पुढच्या स्वाध्यायाची मुदत कळवली.

अभ्यासवर्गाच्या शेवटी गटातल्यांनी एकमेकांचं मूल्यमापन करायचं होतं. नाव गुप्त, पण अभिप्राय ज्याचा त्याला दिसणार. शाळेत डबा खाता खाता मी मोबाइलवर फॉर्म भरला. सरांच्या नावापुढे, निर्णयक्षमता, पाचपैकी दोन. खाली लिहिलं, "स्वतः निर्णय घेत नाहीत. नेतृत्वगुणांचा अभाव." एक मिनिट लागलं असेल. लिहिताना आपण किती निःपक्षपाती आहोत असंही वाटलं, ते लपवत नाही.

दोनेक महिन्यांनी मॅडमचा फोन आला. "सरांनी मुख्याध्यापकाचा चार्ज सोडला, कळलं का? धाकट्या शिक्षकाला दिला. नेतृत्व जमत नाही असं कोणीतरी लिहिलं म्हणे त्यांना. आणि माझा तर फोनच उचलत नाहीत. कोणी लिहिलं असेल हो?"

"कोण जाणे," मी म्हटलं.

पुढे घाटंजीला काम निघालं तेव्हा तांड्यावर गेलो. शाळा टापटीप होती. दारावर नवा फलक होता, 'लहान भावंडांना सोबत आणू नये.' चौथीत तीन पोरी बसल्या होत्या. सर पहिलीच्या मुलांत मांडी घालून बसलेले. मला पाहून केवढे आनंदले. मी एवढ्या लांबून आलो याचंच त्यांना अप्रूप.

चहा घेताना मी विचारलं, "चार्ज काहून सोडला, सर?"

"आपण अभ्यास केला ना? त्यातच लिवून आलं. आपलं माप आपण कबूल करावं."

"लिहिणाऱ्याचं चुकलं असेल."

"नाही जी. त्यानं सहा महिने पाह्यलं मले. घाईनं थोडी लिवलं असन?"

माझ्या हातात कप होता. सांगायची याहून चांगली वेळ पुन्हा आली नसती. तुम्ही माझ्या जागी असता तर कदाचित बोलला असता. मी चहा संपवला आणि बसची वेळ झाली म्हणालो.

उन्हाळ्यात सर निवृत्त झाले आणि लेकीकडे आदिलाबादला गेले. निरोपाचा फोटो गटावर आला. सगळ्यांनी शुभेच्छा दिल्या. मलाही चार ओळी लिहायच्या होत्या, पण 'आपले नेतृत्व' या दोन शब्दांपाशी बोट थांबलं. मी फोनच लावला.

"सर, तो अभिप्राय मी लिहिला होता."

पलीकडे चालू असलेला टीव्ही त्यांनी बंद केला.

"तुम्ही तं मले भेटाले आलते," सर म्हणाले. "तुमच्यावर माहा संशयच नव्हता. तो मी मॅडमवर धरला होता. सालभर त्या बाईशी बोललो नाही मी."

मी माफी मागितली. "बरं," ते म्हणाले. "ठेवतो."

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. "सरांचा फोन आला होता. तासभर बोललो. माफी मागत होते माझी. मी किती विचारलं, रागावला कशाला होतात? तर म्हणाले, चूक माहीच होती, बाकी काही नाही."

माझं नाव त्यांनी घेतलं नव्हतं.

मला मात्र त्यांचा फोन कधी आला नाही. मी दोनदा केला. दोन्ही वेळा पूर्ण वाजून बंद झाला.