देवळातली पेटी आणि माझी ऐट

पेटी उघडली की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि माझे कान तापतात.

रोह्याजवळच्या आमच्या गावात देवळातली भजनाची पेटी आमच्याच घरातला माणूस वाजवायचा. आधी आजोबा, मग काका आणि काका गेल्यावर, गावाच्या नशिबाने, मी. गाणाऱ्याला सोसेल ती पट्टी धरायची, हे दोघांनी पाळलेलं. मी पहिल्याच एकादशीला ऐटीत माझ्या सवयीची उंच पट्टी धरली. म्हाताऱ्या बुवांचा आवाज चढता चढता फाटला. पोरं हसली.

“आज माजाच घसा बसलाय रे,” बुवा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

मी गुपचूप पट्टी उतरवली आणि बुवा सुरेख गायले. प्रसाद घेताना शेजारची मावशी म्हणाली, “बुवांना बरं सांभाळलंस हो! काकाचा पुतण्या शोभतोस.”

बुवा शेजारीच उभे होते, तरी मी मान डोलावली. चुकलेल्या पट्टीचं आता हसू येतं, त्या मानेचं येत नाही.