जळलेली भिंत कुणी ओळखली

कतारमध्ये दुखानजवळ एका जुन्या गढीचं उत्खनन चालू होतं आणि मी तिथे सर्व्हेअर होतो. आमचे साहेब स्कॉटलंडमधले प्राचीन पिक्ट लोकांचे डोंगरी किल्ले खणून आलेले. मजुरांत रायगडचा एक गवंडी होता. एका सकाळी भिंतीवर हात फिरवत तो मला म्हणाला, "भाई, ही खालची भिंत जळलेली आहे. वरची नंतर बांधली, दगड बसवायची पद्धतच वेगळी."

मी साहेबांना सांगितलं. "त्याला माती वाहू दे," ते म्हणाले.

काही महिन्यांनी दोह्यातल्या व्याख्यानात त्यांनी तीच भिंत पडद्यावर दाखवली. पिक्टांच्या जळक्या तटबंद्या पाहिल्यामुळेच खालची भिंत जळलेली आहे हे आपल्याला ओळखता आलं, म्हणाले. माझं डोकं सणकलं. मी उभा राहून म्हणालो, "हे आमच्या गवंड्याने ओळखलं होतं, सर. तुम्ही ऐकूनही घेतलं नव्हतं."

साहेबांनी हसून पुढचा प्रश्न घेतला.

त्याच संध्याकाळी मी गवंड्याला फोन करून झालेलं सांगितलं. तो भडकला. "माझा विषय कशाला काढलास? आता नोकरी खलास माझी."

मला त्याचाही राग आला. त्याचं म्हणणं खरं होतं, याचा जास्त आला.