धर्माच्या डोळ्यातला जवळा

माझा दोस्त धर्मा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाणगावच्या बाजारात सुकी मासळी विकता विकता एका गिऱ्हाइकाला होडीएवढ्या घोळ माशाची गोष्ट सांगत होतो. घोळ निम्मा पाण्याबाहेर आला होता… आणि कुसुमवहिनी फोनवर म्हणाल्या, "भावजी, हे उठत नाहीत हो." झोपेतच हृदय थांबलं होतं. पाच आठवडे झाले, तो मासा मी अजून बाहेर काढलेला नाही.

आमच्या चिखले गावात धर्माएवढा जाड चष्मा कोणाचाच नव्हता. काचा एवढ्या जड की बोलताना त्याची मान आपोआप खाली जायची. चष्मा काढला की स्वतःच्या बायकोला काकू म्हणायचा. हे मी सांगायचो, आणि वहिनी मला मारायला धावायच्या. पण तोच चष्मा कपाळावर सारून त्याने फाटकं जाळं नाकाला लावलं की मुंगीच्या पापण्या मोजाव्यात तसा एकेक आस, जाळ्याचं एकेक घर, नीट करायचा. लांबचं दिसत नसल्याने समुद्रावर त्याचा उपयोग शून्य, पण डहाणूपर्यंतच्या होड्या त्याच्या ओट्यावर जाळी टाकून जायच्या.

दोन वर्षांपूर्वी, मांडवावर जवळा वाळत असताना, तो म्हणाला, "डाव्या डोळ्यापुढे काळं काळं उडतंय रे. मधेच वीज चमकते." मी म्हटलं, "जवळ्याची कुसं गेली असतील. डोळा धू." त्या दिवसांत आमच्याकडे सगळ्यांचेच डोळे चुरचुरतात. दुसऱ्या दिवसापासून तर मी बंदरभर गोष्टच सुरू केली, की धर्माच्या डोळ्यात जवळ्याचा थवा शिरलाय, दोन टोपल्या सहज निघतील! लोक हसले, तोही हसला, वर म्हणाला, "तीन टोपल्या सांग." असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी त्या डोळ्यावर बाजूने काळा पडदा सरकला.

डहाणूच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मोठ्या नंबराचा डोळा मागे लांबलेला असतो. आतला पडदा मात्र तेवढाच, तो ताणून विरतो. त्यातल्या केसाएवढ्या रक्तवाहिन्याही ओढल्या जाऊन अरुंद होतात, रक्त कमी पोचतं.

"म्हणजे तीस हातांचं जाळं चाळीस हातांवर ओढलं," धर्मा म्हणाला.

"अगदी तसंच. मग विरल्या जागी भोक पडतं, त्यातून पाणी मागे शिरतं, पडदा सुटतो. लवकर आलं तर वाचवता येतो. ठिपके कधीपासून दिसत होते?"

मी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचू लागलो.

"कालपासून," धर्मा म्हणाला.

मोठ्या शहरात ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. डोळा गेला. त्या पहिल्या दिवशी डहाणूच्या दवाखान्यातून परतताना रिक्षात मी विचारलं होतं, "खोटं का बोललास?"

"तुलाच येतं काय खोटं बोलायला?" एवढंच म्हणाला आणि हसला. मी आयुष्यात हजार थापा मारल्या असतील; त्याने मारलेली ही एकच मला ठाऊक आहे. दोघांनीही तो विषय पुन्हा काढला नाही.

त्यानंतर डाव्या बाजूने कोणी आलं की तो दचकायचा. म्हणून मी रोज दुपारी ओट्यावर त्याच्या उजवीकडे बसायचो. परवाही तिथेच बसलो. वहिनी चहा घेऊन आल्या, म्हणाल्या, "मधे बसा ना भावजी, आता कोण आहे?"

मग मला राहवेना. "वहिनी, ते कालपासून नव्हतं. आठ दिवस झाले होते. मी हसवत राहिलो म्हणून तो डॉक्टरकडे गेला नाही…"

त्या उंबऱ्यावर टेकल्या. "ठाऊक आहे मला. डहाणूहून आलात त्याच संध्याकाळी सांगितलं त्यांनी. म्हणाले, त्याच्यापाशी बोलू नकोस हां, तो यायचा बंद होईल."

मी मधे सरकलो नाही. उजवीकडेच बसून चहा प्यायलो.