कुरासावचा कवी आणि आईचा धवला

त्या काळी मी पनवेलात मास्तर होतो, आणि कवीही. माझ्या कवितेत संस्कृत शब्द एवढे ठासून भरलेले, की ती खिशात घेऊन टांग्यात बसलो तर घोडा मागं वळून बघायचा. आई मात्र धवलारीण. आम्हा आगऱ्यांची लग्नं तिच्या धवल्यांनी, म्हणजे लग्नगाण्यांनी, लागत. ती ओळ म्हणायची, मांडवातल्या बाया उचलायच्या. तिला कविता वाचून दाखवली, तर डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "कोन मेला रं?"

तिला माझी एक तरी कविता कळावी, एवढीच मला तेव्हा तहान.

त्याच सुमारास मामा परतला. तेलाच्या बोटीवर खलाशी, पार कुरासाव बेटापर्यंत जाऊन आलेला. तिथं म्हणे साहेब डच, शाळा डच, आणि घराघरांत बोलतात पापियामेंतु. पोर्तुगीज, स्पॅनिश, डच, आफ्रिकी, सगळं एका हंडीत शिजलेलं. शिकलेले नाकं मुरडत. एका कवीनं हट्टच धरला : लिहीन तर हिच्यातच, आणि दुसऱ्यांनाही लिहायला लावीन.

"धक्क्यावं त्यानं कविता म्हटली," मामा म्हणाला, "तं क्रेन अर्ध्यान थांबली. पिंपा हवेन, हमाल रडतान!"

"तुला कळली?"

"मना कशी कलंल? त्याचे आईला कलली. तुजे आईला कलतं कं?"

मामाची क्रेन मी तेव्हाच खाली उतरवली. आमच्या घराण्यात फुगवून सांगायची सवयच आहे. पण शेवटचा प्रश्न काही उतरेना.

गणपतीतल्या कविसंमेलनात मी आगरीतली कविता घेऊन उभा राहिलो. "मिठागरान चांद परला, टोपलीन भरून आन गो!" अध्यक्षांना असा ठसका लागला, की पाणी आणायला माणूस थेट उरणला धावला असावा. पुढच्या रांगेतून कुणी ओरडलं, "मास्तर, आता मराठीत म्हणा!" हशा.

तेवढ्यात मागून, आमच्या आगरी बायांच्या घोळक्यातून, आईचा आवाज उठला : "टोपलीन भरून आन गो!" तिला वाटलं, लेकानं धवला धरलाय. धवला धरला की ओळ उचलायची. संमेलनात गप्प बसतात, हे तिला कोण सांगणार? तिच्यामागे सगळ्या बाया. मी ओळ टाकायचो, त्या उचलायच्या. मांडवाचं छप्पर वीतभर वर गेलं, खाली बसलं ते वाकडंच.

घरी जाताना आई म्हणाली, "चांद टोपलीन नको भरू रं, गलंल. हंड्यान भर. आनि लगीन कोनाचं होतं?"

माझ्यावर झालेली ती पहिली खरी टीका. अजून तिच्यावरच जगतोय.

त्या कवीचं नाव मामाला कधीच आठवलं नाही. म्हणून दर गणपतीत एक मोदक त्याच्या नावानं बाजूला काढतो. एवढ्या लांब पोचेपर्यंत शिळा होईल, म्हणून त्याच्या वतीनं मीच खातो.