मामाजींनी ब्रेक दाबला

माझे सासरे माझ्याशी बोलत नसत. भांडण झालं होतं असं नाही. आमच्या लग्नाला त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ते फक्त आले नाहीत. राळेगावकडच्या एका खेड्यात त्यांची शेती आहे, कापूस, सोयाबीन, मधून तुरीची तासं, म्हणजे ओळी. माझी बायको त्यांची एकुलती मुलगी. आमचं घर वणीचं, बौद्ध. आजोबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात कोणापुढे मान खाली घालायची सवय कोणाला लागली नाही. सासऱ्यांच्या गावात मात्र अशी सोयरीक त्याआधी कोणी केली नव्हती.

लग्नानंतर बायको माहेरी जायची तेव्हा मी तिला गावाच्या फाट्यावर सोडून परत फिरायचो. पुढे सासूबाईंनी हट्ट धरला म्हणून ओसरीपर्यंत जायला लागलो. चहा व्हायचा. सासरे तिथंच बाजेवर बसलेले असायचे, माझ्यापासून हातभर अंतरावर, आणि लेकीला सांगायचे, "त्याले म्हन, च्या घे." मी चहा घ्यायचो. तो अपमान होता की पाहुणचार, हे मला कधी ठरवता आलं नाही. मी दोन्ही समजून कप रिकामा करायचो आणि निघायचो.

मागच्या जानेवारीत सासूबाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन यवतमाळला झालं. त्या घरी आल्यावर बायकोनं शाळेतून रजा काढली आणि मी तिला गाडीनं घेऊन निघालो. वडकीपासून आत वळलो आणि मागून आवाज यायला लागला. ब्रेक दाबला की खर्रर्र, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा. थोड्या वेळानं पेडलही खोल जायला लागलं. कॅनॉलच्या पुलाजवळच्या उतारावर मी खालचे गिअर टाकत टाकत गाडी हळू केली. बायकोला कळलंच होतं. तिनं समोरच्या डॅशबोर्डवर हात टेकवून ठेवला होता.

अंगणात गाडी उभी करून खाली वाकून पाहिलं, तर मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूनं तेलाचा ओला ओघळ आलेला. अशी गाडी घेऊन वणीला परत जाणं शक्य नव्हतं. राळेगावच्या ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला, तर तो भाचीच्या लग्नाला हिंगणघाटला गेलेला.

सासरे गाडीभोवती एक चक्कर मारून आले. मग ओसरीवर उभ्या असलेल्या लेकीकडे पाहून म्हणाले, "त्याले विचार, घरी होते का हे काम?"

मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. मीही बायकोकडेच पाहून म्हणालो, "होते म्हनावं. सामान भेटलं पाह्यजे."

मी खाणीच्या वर्कशॉपमध्ये काम करतो. हाताला पाना नवा नाही आणि आमच्या गाडीचं बरंचसं काम मी घरीच करतो. पण ते वणीला, माझ्या दारात. इथं तोंडातून शब्द निघून गेला तेव्हा कळलं, की याचा अर्थ मला या घरी मुक्काम करावा लागणार. लग्नानंतर पहिल्यांदा.

माझं अंथरूण कापसाच्या खोलीत पडलं. त्या दिवसांत वेचलेला कापूस घरातच असतो, अर्धी खोली छपरापर्यंत पांढरी भरलेली. बाहेर कडाक्याची थंडी होती, आत ऊब. मला वाटलं होतं झोप येणार नाही. इतकी गाढ लागली, की सकाळी बायकोनं हलवलं तेव्हाच जाग आली.

सकाळी अंगणात काम मांडलं. पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागच्या चाकाचे नट सैल केले, जॅक लावून गाडी उचलली. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून हात आत घालू नये, म्हणून टेकण काय द्यावं ते शोधत होतो. तेवढ्यात सासरे गोठ्यामागून बाभळीचे दोन ओंडके खांद्यावर घेऊन आले, माझ्या पायाशी ठेवले आणि परत गेले. मी मागितले नव्हते.

चाक काढलं, पण आतला ब्रेकचा गोल ड्रम हलेना. बऱ्याच दिवसांत निघाला नव्हता, आतून गंजानं धरला होता. लाकूड मध्ये धरून हातोडीनं गोल गोल ठोकत राहिलो. घरातून सासूबाईंचा आवाज आला, "काय फोडून राह्यले हो बाहेर?" शेवटी ड्रम एकदम हातात आला. आत दोन ब्रेक शू असतात, अर्धचंद्रासारखे. पेडल दाबलं की तेलाच्या दाबानं एक छोटा सिलिंडर त्यांना बाहेर ढकलतो आणि ते ड्रमला आतून घट्ट धरतात. त्या शूंवरचं अस्तर झिजून पार लोखंड लागलं होतं आणि सिलिंडर गळत होता. सगळीकडे काळा चिखल. ती धूळ फुंकायची नसते, छातीत जाते. मी तांब्यानं पाणी टाकून ती धुतली.

सासरे मागे येऊन उभे राहिले होते. झिजलेला शू त्यांनी उचलला, अंगठा फिरवला. लेकीला म्हणाले, "त्याले म्हन, नमुना दे. मी आनतो राळेगाववरून."

शू आणि सिलिंडर फडक्यात गुंडाळून त्यांनी मोटरसायकलच्या डिक्कीत टाकले आणि गेले. जाताना मफलर बांधायचं विसरले. ऊन वर येईपर्यंत परतले. दोन्ही बाजूंचे शू, दोन सिलिंडर, ब्रेक ऑइलची बाटली, आणि कागदात गुंडाळलेले गरम आलुबोंडे. आलुबोंडे त्यांनी लेकीच्या हातात दिले. "सकाळपासून त्याच्या पोटात काही नाई."

मी आलुबोंडा खाताना त्यांच्याकडे पाहिलं नाही.

स्प्रिंगा बसवणं हे त्या कामातलं सगळ्यात चिडचिड आणणारं काम. एक बाजू पूर्ण होईपर्यंत दुसरीला हात लावायचा नाही, म्हणजे कुठली स्प्रिंग कुठं होती ते दुसऱ्या चाकात पाहता येतं. एकदा स्प्रिंग सुटून अंगणभर उडाली आणि कोंबड्या ओरडत पळाल्या. वाऱ्यानं येणारे कापसाचे तंतू माझ्या ग्रीसच्या हातांना चिकटत होते, हात म्हाताऱ्या माणसाच्या दाढीसारखे दिसत होते. दुपार कलेपर्यंत दोन्ही चाकांचं बसवून झालं. उरलं होतं हवा काढणं.

नवा सिलिंडर बसवला की तेलाच्या नळीत हवा शिरते आणि हवा असली की ब्रेक लागत नाही. ती काढायला दोन माणसं लागतात. एकानं गाडीत बसून पेडल चार-सहा वेळा मारायचं, मग दाबून धरायचं आणि सांगायचं, "दाबला." खाली चाकापाशी बसलेला माणूस सिलिंडरवरचा निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा स्क्रू, सैल करतो, बुडबुडे बाहेर येतात, तो निपल परत कसतो आणि सांगतो, "सोडा." मगच पाय काढायचा. कसायच्या आधी पाय निघाला तर हवा परत आत. म्हणजे या कामात बोलल्याशिवाय गत्यंतर नाही.

बायको पेडलवर बसणार होती. ती गाडीचं दार उघडतच होती, तेवढ्यात आतून सासूबाईंनी हाक मारली, "औषधाची येळ झाली वं!" वेगवेगळी औषधं होती, एक टाकलं की काही वेळ थांबून दुसरं. बायको दारात थबकली, माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

"बाबा, तुमी बसा. ट्रॅक्टर चालवताच नं तुमी."

आणि आत निघून गेली. ती मुद्दाम गेली असं मला आजही वाटतं. ती कबूल करत नाही.

सासरे ड्रायव्हरच्या जागेवर बसले. मी मागच्या चाकापाशी खाली बसलो, निपलला जुनी पारदर्शक नळी लावली, घर बांधताना पाण्यानं लेव्हल पाहतात तसली, तिचं दुसरं टोक बाटलीत सोडलं. काय करायचं ते मोठ्यानं सांगितलं, कोणाला उद्देशून ते न सांगता. पेडलचा फस् फस् आवाज आला. मग शांत झालं. मी वाट पाहिली.

"दाबला का?"

उत्तर नाही. ते मान हलवत असणार, पण चाकाखालून मान दिसत नाही. मी अंदाजानं निपल सैल केला, तेल आलं, आणि कसायच्या आत त्यांनी पाय काढला. नळीतले बुडबुडे सर्रकन परत आत गेले.

मी उठून पुढं आलो. ते स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर पाहत बसले होते. घराच्या दाराकडे तोंड करून म्हणाले, "त्याले म्हन, म्या दाबला होता."

दारात कोणी नव्हतं.

आतून सासूबाईंचा आवाज आला, खणखणीत. "थे नाई तिथं! थे माह्या डोळ्यात औषध टाकून राह्यली. ज्याले सांगाचं हाय त्याले सांगा नं! जवळच तं बसला हाय!"

शेजारच्या अंगणातली माणसं वळून पाहायला लागली. मी परत जाऊन चाकापाशी बसलो. पाना निपलवर ठेवला. पेडल मारल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. मग थांबला. गोठ्यात बैलानं मान हलवली, घंटी वाजली. माझा पाय मुंग्या येऊन बधिर झाला तरी मी हललो नाही.

"दाबला," ते म्हणाले.

हळू म्हणाले, पण म्हणाले ते मला. मी निपल सैल केला. फेसासारखं पांढरं तेल आलं. कसला.

"सोडा, मामाजी."

आमच्याकडे सासऱ्याला मामाजीच म्हणतात. इतकी वर्षं ते म्हणायची वेळ कधी आली नव्हती, कारण हाक मारायचं कारणच नव्हतं. तोंडातून निघाल्यावर वाटलं, हे उगाच बोललो.

"सोडला," वरून आवाज आला.

मग ते सुरू झालं आणि थांबेचना. दाबला. सोडा. सोडला. दाबला. मध्ये मध्ये मी उठून बॉनेटखालच्या डब्यात तेल भरत होतो आणि ते विचारत होते, "अजून हाय का हवा?" "हाय थोडीशी." "येऊ द्या." येऊ द्या म्हणाले. मला 'तुमी' धरून. डावं चाक झालं, उजवं घेतलं. नळीतले बुडबुडे बारीक झाले, मग विरळ, मग नुसतं स्वच्छ तेल.

"आता कडक लागून राह्यला पायाले," ते म्हणाले. आणि गाडीचं दार उघडून, "जवाई, पाहा बरं तुमी एकडाव."

मी पाहिलं. खरंच कडक होता. घरात माझी बायको कोणाला तरी रागावत होती. "आई, रडू नोको नं. आत्ता टाकलेलं औषध सारं वाहून जाईन." सासूबाईंना काळा चष्मा होता, दिसत काही नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं.

चाकं बसवून गाडी खाली घेतली. तपासायला रस्त्यावर काढायची म्हणून मी बसलो, तर मामाजी दुसऱ्या बाजूनं दार उघडून शेजारी बसले. आधी गल्लीत हळू चालवून दोन-तीनदा ब्रेक मारला. मग फाट्याकडे गेलो. पानठेल्यावर त्यांच्या वयाची माणसं बसली होती, त्यातल्या एकानं हात दाखवून थांबवलं आणि आत वाकून माझ्याकडे पाहिलं.

"कोन होय हे?"

"जवाई होय माहे," मामाजी म्हणाले. "ब्रेक बसवले घरीच. म्या दाबून दिले."

तो माणूस 'असं का' म्हणून मागं झाला. मामाजींनी मला पुढं चला अशी खूण केली. कॅनॉलच्या उतारावर हँडब्रेक ओढून पाहिला, गाडी जागच्या जागी थांबली. मग ते म्हणाले, आलोच आहोत तर वावर पाहून घ्या. धुऱ्यावर, शेताच्या बांधाशी, गाडी लावून आम्ही तुरीत शिरलो. त्यांनी शेंगा तोडून माझ्या हातात दिल्या आणि यंदा पीक कसं आहे, रानडुकरं किती त्रास देतात, हे सांगत राहिले. मी शेतीतला नाही, मला निम्मं कळलं नाही. मी हं हं करत होतो. मला ते संपू नये असं वाटत होतं.

त्या संध्याकाळी आम्ही शेजारी बसून जेवलो. भाकर, वांग्याची भाजी, मिठात उकडलेल्या शेंगा. त्यांनी माझ्या ताटात स्वतः भाकर वाढली. बायको वाढायला वाकली होती, ती टोपली तिथंच ठेवून पाणी आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच वणीला निघालो. बायको पंधरवडाभर थांबणार होती. ती मला सोडायला फाट्यापर्यंत गाडीत आली आणि उतरताना म्हणाली, "बाबाचा गुडघा सुजला रात्री. उजवा. डॉक्टरनं त्याहीले पायऱ्यासुद्धा चढू नोको म्हणलं हाय. म्या म्हणलं, काहून नाई सांगितलं, मी बसली असती. तं म्हणे, काम चालू होतं."

मला ते सबंध दुपारभरचे दाबला, सोडला आठवले. एकदाही त्यांचा आवाज बदलला नव्हता.

सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या भाऊबंदांपैकी काहींच्या घरी मी अजून जात नाही, मला कोणी बोलावतही नाही. मामाजी त्याबद्दल बोलत नाहीत आणि मी विचारत नाही. झालं गेलं याबद्दल त्यांनी कधी एक शब्द काढला नाही. पण त्या दुपारी ते दुखऱ्या गुडघ्यानं त्या सीटवर बसून राहिले. उठून जायला त्यांना कोणीही अडवलं नसतं. त्यांच्या घरात, त्यांच्या अंगणात, सगळ्या शेजाऱ्यांच्या देखत. माझ्यासाठी कोणी इतकं केलंय असं मला दुसरं चटकन आठवत नाही.

मी गुडघ्याला लावायचं तेल वणीहून पाठवलं. लागू पडलं का, हे विचारायला फोन केला, तर म्हणाले, "तेल ठीक हाय. आता तूर काढनं हाय. सवड असन तं या."

मी गेलो. तूर काढायचं मला काही जमलं नाही. धुऱ्यावर बसून मी पोती शिवली.