तांदळातलं नाव, दगडातलं नाव

बातमी आली ती चुकीच्या नावाने. बंगळूरच्या महादेवपुऱ्यातल्या ऑफिसात मीटिंगमध्ये बसले होते आणि फोनवर सोसायटीचा ग्रुप उजळला. दुसऱ्या मजल्यावरच्या श्रीमती सुमित्रा कदम यांचं पहाटे झोपेतच निधन झालं होतं. खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. दुःख व्हायच्या आधी मला राग आला. अक्कांनी महिनोन् महिने छिन्नी-हातोडी घेऊन आपलं नाव दगडात कोरलं, दाराबाहेर लावलं, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनी ते पाहिलं... आणि तरी त्या गेल्या सुमित्रा म्हणूनच. काही आठवडे झाले, राग उतरलेला नाही. उतरवायचाही नाही.

अक्का निपाणीकडच्या. लग्न होऊन बंगळूरला आल्या आणि इथल्याच झाल्या. मी पुण्याची, मारतहळ्ळीत नोकरीपायी आलेली, त्यांच्या वरच्या मजल्यावर राहणारी. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा श्रीधर परदेशात. त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं तेव्हा व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक मऊ चेंडू दिला, दाबत बसा म्हणाल्या. अक्कांनी तो गॅलरीतून खाली खेळणाऱ्या पोरांकडे भिरकावला. "मी काय बाळ हाय काय गं? हाताला खरं काहीतरी काम दे की!" कामाने डोकं उठलं की मी फोनवर पाटीचा दगड कोरणाऱ्यांचे व्हिडिओ बघत असे, ते त्यांना दाखवले. त्या एकटक बघत राहिल्या. "शाळंत पाटीवर लिवलेलं सगळं पुसायला लावलं. हे पुसायचं न्हाई, होय?" मी नाही म्हटलं. "मग चल तर."

यशवंतपूरच्या एका फरशीवाल्याकडे गेलो. किती चौरस फूट हवंय, असं त्याने विचारलं. अक्का म्हणाल्या, "स्वल्प साकु, अण्णा." थोडंसं पुरे! त्याने हसून कोपऱ्यातले फुटके तुकडे उचलायला सांगितलं. मग दुपारची त्यांची गॅलरी हीच आमची शाळा झाली. सतरंजीची घडी, तिच्यावर दगड, तोंडाला मास्क, धूळ बसावी म्हणून पाण्याचा फवारा. अधू उजव्या हाताला छिन्नी नुसती धरून ठेवायचं काम, हातोडी डाव्यात. पहिली फजिती माझी. ओळ सरळ यावी म्हणून मी पट्टी लावून शिरोरेघ आधी कोरली, अगदी सुरेख. मग खालच्या अक्षराचा दंड तिला जाऊन भिडला आणि दगडाचा पापुद्रा रेघेसकट निघून आला. अक्का डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "पहिलीत काय शिकलीस गं? अक्षर आधी, रेघ शेवटी!" त्यांचे स्वतःचे तुकडेही रोज फुटत होते, त्याबद्दल मात्र अवाक्षर नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी ठकठकीची तक्रार आणली. अक्कांनी त्यांना आत बोलावून कॉफी पाजली आणि कॉफी संपायच्या आत पुन्हा हातोडी उचलली. श्रीधर फोनवर काकुळतीला यायचा, आई, बोटं तुटतील. "तुटू देत की. वापरून तुटतील." डॉक्टर म्हणाले होते, दुसरा झटका येऊ शकतो. त्यांना घाई होती ती त्याचीच. हात आहे तोवर आपल्या दारावर आपलं नाव हवं होतं. दारावर अजून यजमानांची पितळी पाटी होती, तिच्याखाली श्रीधरची. घरात राहणाऱ्या बाईचा कुठे पत्ताच नव्हता.

मी खडूने आखून दिलं, सुमित्रा कदम. त्यांनी ओलं फडकं घेऊन ते पुसून टाकलं.

"हे न्हवं. चंपा लिव."

मग सांगितलं. लग्नात ताटभर तांदूळ आले, नवऱ्याने अंगठीने त्यात सुमित्रा लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "मला कुणी इचारलं न्हाई. सासूनं ते तांदूळ गोळा करून नेलं. दुसऱ्या दिवशी भात झाला असंल." थोडा वेळ त्या छिन्नीला धार लावत राहिल्या. "माणूस चांगला होता गं. पण नाव माझं होतं."

चंपा कोरायला पावसाळा आणि हिवाळा गेला. सगळ्यात छळलं अनुस्वाराने. छिन्नीचं टोक गोल फिरवून टिंब पाडायचं, तर शेवटच्या क्षणी कपचा उडाला आणि टिंब चांगलं कुंकवाएवढं झालं. मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. यजमान गेल्यापासून त्यांचं कपाळ मोकळं होतं. त्या बोट फिरवत म्हणाल्या, "असू दे. शोभतंय." पाटी दाराला लागली, पितळेच्याही वर. एक नातेवाईक बाई येऊन म्हणाल्या, या वयात हे काय खूळ! अक्का म्हणाल्या, "तुमचं म्हायेरचं नाव काय ओ?" बाई जाताना पायरीवर थांबून हळूच सांगून गेल्या.

दहाव्याला गुरुजींनी नाव विचारलं. श्रीधरने सुमित्रा सांगितलं. मी मागून मोठ्याने म्हटलं, "चंपासुद्धा घ्या." गुरुजींनी श्रीधरकडे पाहिलं, श्रीधरने जमिनीकडे. नाव घेतलं गेलं नाही. नंतर तो माझ्याकडे आला. वाईट मुलगा नाही तो, पण आई त्याला फोनवरच भेटत होती. म्हणाला, "घर भाड्याने देतोय. बाबांची पाटी नेतो सोबत. ही... यावर आईचं नाव नाही ना. तूच ठेव." मला भांडायचं होतं. रडू आलं म्हणून भांडता आलं नाही, याचा अजून संताप होतो. मग त्याच्याच हातून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पाटी काढली.

ती आता माझ्या दारावर आहे. माझ्या नावाच्या वर, कारण अक्का वयाने मोठ्या. उरलेला दगड गॅलरीत आहे, दुपारी सुट्टी असली की मी ठकठक करते, सेक्रेटरींनी खुशाल यावं. परवा पाण्याचा कॅन घेऊन नवा माणूस आला. कॅन टेकवून त्याने पाटी वाचली, त्या मोठ्या टिंबावर सहज अंगठा फिरवला आणि विचारलं, "चंपा मेडम इदारा?"

आहेत का, म्हणे.

"इदारे," मी म्हटलं. आहेत.